वूडन फ्लोअरिंग : लॅमिनेट घेताय की इंजिनियर्ड?

घराचं रिनोव्हेशन काढलं की कोटेशनमध्ये एक ओळ हमखास असते : ‘मास्टर बेडरूम – वूडन फ्लोअरिंग’. पुढे स्क्वेअर फुटाचा दर आणि रक्कम. येणार ते लाकूड की लाकडाचा फोटो, हे कुठेच लिहिलेलं नसतं आणि विचारायचं कुणाला सुचतही नाही. मग दोन कोटेशनं शेजारी ठेवून ‘हा बघा, दुप्पट दर लावतोय’ म्हणून एकाला लुटारू ठरवलं जातं. बहुतेक वेळा तो लुटारू नसतो. त्याने इंजिनियर्ड वूडचा दर दिलेला असतो आणि दुसऱ्याने लॅमिनेटचा.

लॅमिनेट तुम्ही रोज बघता. कपाटांच्या दारांवर सनमायका असतो ना, त्याच जातीची ही वस्तू, फक्त जमिनीवर. खाली एचडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला घट्ट बोर्ड. त्यावर लाकडाच्या रेषा छापलेला कागद आणि त्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण मिसळलेला मेलामाइनचा पारदर्शक थर. स्वीडनच्या पर्स्टॉर्प कंपनीने १९७७ मध्ये हे शोधून काढलं आणि पुढे ‘पर्गो’ नावाने विकलं. झीज किती सोसेल ते एसी ३, एसी ४ अशा श्रेणीने कळतं. घरात एसी ३ पुरतं, एसी ४ मिळालं तर उत्तम.

इंजिनियर्ड वूडमध्ये वरचा थर खऱ्या लाकडाचा असतो, आपल्याकडे बहुधा ओकचा. त्याखाली प्लायवूड किंवा मऊ लाकडाच्या पट्ट्या, प्रत्येक थराचे रेशे शेजारच्या थराला आडवे. लाकडाने ओल धरली की ते रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. थर आडवे चिकटवले की एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून मुंबई-कोकणच्या पावसाळ्यातही ही फळी बऱ्यापैकी सपाट राहते. इथेच ‘थर आहेत, म्हणजे लॅमिनेटच की’ असं म्हणणारे भेटतात. त्यांना काय सांगावं!

आता ज्यावर सगळे घसरतात ते. लोक जाडी विचारतात, पण चुकीची. ‘१२ एमएमचं घ्या, आठपेक्षा दणकट, अगदी लाकडासारखं’ हे वाक्य दुकानात ऐकलं की माझं डोकं फिरतं. ८ आणि १२ मिलिमीटरच्या लॅमिनेटमध्ये वाढतो तो मधला बोर्ड. पायाखाली थोडं भरीव वाटतं, सांधा जरा मजबूत बसतो, बस्स. कागद आणि त्यावरचा थर दोन्हींत अर्ध्या मिलिमीटरच्या आतच असतो. इंजिनियर्डमध्ये हाच घोळ आणखी महागात पडतो. ‘१५ मिलिमीटर’ लिहिलेल्या फळीवर ओकचा थर ४ मिलिमीटरचा असू शकतो आणि ०.६ मिलिमीटरचाही. पॉलिश केल्यावर दोन्ही डोळ्यांना सारख्याच दिसतात. युरोपातल्या मानकांप्रमाणे वरचा थर किमान २.५ मिलिमीटर असेल तरच त्याला पार्केट, म्हणजे लाकडी जमीन, म्हणता येतं. आपल्याकडे सगळंच ‘इंजिनियर्ड’ म्हणून खपतं.

हा आकडा का महत्त्वाचा? लाकडी जमीन घासून नवी करता येते, एवढ्यासाठीच तिला जास्त पैसे मोजायचे. घासाईच्या मशीनने एका वेळेला साधारण अर्धा ते एक मिलिमीटर लाकूड जातं. ४ मिलिमीटरचा थर असेल तर जमीन दोन-तीनदा नवी होते. ३ मिलिमीटरला एकदा, जपून केलं तर दोनदा. ०.६ मिलिमीटरवर मशीन फिरवलं की खालचं प्लाय उघडं. म्हणजे किंमत लाकडाची, ओरखडे लाकडाचे आणि आयुष्य लॅमिनेटचं. धड ना इकडचं ना तिकडचं. हा प्रकार मी कुणाला घेऊ देणार नाही. त्यापेक्षा चांगलं लॅमिनेट घ्या आणि उरलेल्या पैशात गादी बदला.

दुसरी उलटी समजूत : खरं लाकूड महाग, म्हणजे त्यावर ओरखडे पडणार नाहीत. साफ चूक. ओरखडा सोसण्यात लॅमिनेट लाकडाला सहज मागे टाकतं. चाकांची खुर्ची, कुत्र्याची नखं, सरकवलेला पलंग यांच्या खुणा ओकवर उमटणारच, आणि सागवान तर ओकपेक्षाही मऊ. फरक पुढे कळतो. लॅमिनेटचा छापील थर एकदा फाटला की खालचा तपकिरी बोर्ड दिसतो आणि त्यावर इलाज नाही, फळीच बदलायची. तेच डिझाइन पाच वर्षांनी बाजारात मिळेल याची खात्री कुणी देत नाही, म्हणून एक बॉक्स जास्तीचा घेऊन माळ्यावर टाका. लाकडाची खूण मात्र घासून जाते, किंवा तशीच राहिली तरी शोभते.

ओळखायचं कसं? चकचकीत सॅम्पल बोर्ड बाजूला ठेवा आणि कापलेला तुकडा मागा. आडवी कड उजेडात धरा. इंजिनियर्डमध्ये वरची रेषा कडेवरून खाली उतरताना दिसते आणि मग जिथे थर संपतो तिथे थांबते. ती खोली पट्टीने मोजा. लॅमिनेटच्या कडेला वर एक बारीक गडद किनार आणि खाली एकजात भुरा बोर्ड. तरी शंका असेल तर ८० नंबरचा पॉलिश पेपर घासा. लॅमिनेटवर आधी काहीच होत नाही, मग पांढुरकी झाक येते, मग रेषाच पुसल्या जातात. लाकडावर लगेच फिकट पिवळा भुसा पडतो, वास येतो आणि खाली तीच रेषा चालू असते. तुकडा घासू न देणाऱ्या दुकानदाराकडून माल घेऊ नका. आणि हो, दहा फळ्या मांडायला लावा. तीच गाठ त्याच जागी पुन्हा दिसली तर तो छापा आहे.

क्लिक (फळ्या एकमेकींत अडकवायची खाच), खालचा फोम, प्लास्टिकचा कागद, भिंतीलगत ८ ते १० मिलिमीटरची फट, वरून स्कर्टिंग : यात दोन्हींत सांगण्यासारखा फरक नाही. जुन्या टाइल्सवर दोन्ही बसतात, जमीन सपाट हवी एवढंच. दारं खालून तासावी लागतील, इंजिनियर्डला जरा जास्त.

पाणी दोघांनाही नको. लॅमिनेटच्या सांध्यात पाणी मुरलं की कडा फुगून वर येतात आणि वाळल्यावरही बसत नाहीत. ओक सांध्यापाशी काळवंडतो, पण थर जाड असेल तर घासून निघतो. कामाच्या मावशींना ‘फडकं घट्ट पिळून पुसा’ हे पहिल्याच दिवशी सांगायचं असतं. आधी बादलीभर पाण्याने पुसू द्यायचं आणि मग ‘मालच खराब निघाला’ म्हणून दुकानदाराशी भांडायचं, हा आपला आवडता उद्योग. स्वयंपाकघरात एसपीसी घाला. ते प्लास्टिक आणि दगडाची भुकटी आहे, लाकूड नाही, पण भिजलं तरी चालतं.

भरीव लाकूडच हवं, आजोळच्या माळ्यावर होत्या तशा सागाच्या फळ्या? त्या फळ्या तुळयांवर होत्या, खालून वारा खेळत होता, आणि फटी पडल्या तरी कुणाची तक्रार नव्हती. पाचव्या मजल्यावरच्या बंद एसी खोलीत, स्लॅबवर पट्ट्या ठोकून, दीड-दोन इंच उंची खाऊन तो हट्ट करू नये.

माझी पसंती विचाराल तर स्वतःच्या घरात झोपायच्या खोलीला ३ मिलिमीटर किंवा जास्त थराचा इंजिनियर्ड ओक, मॅट फिनिशमध्ये. मुलांच्या खोलीत, भाड्याने द्यायच्या घरात लॅमिनेट, अजिबात कमीपणा न मानता. कोटेशनमध्ये लाकडाची जात आणि वरच्या थराचे मिलिमीटर लिहून घ्या.

आणि सुताराला एक सांगून ठेवा : भिंतीतलं कपाट आधी, फ्लोअरिंग त्याच्यापर्यंत आणून थांबवायचं. ही जमीन चिकटवलेली नसते, तरंगती असते. तिच्यावर कपाट उभं करून स्क्रू मारला की ती तिथे खिळते आणि जूनमध्ये हवा ओली झाली की खोलीच्या मध्यावर उचलली जाते. लॅमिनेट असो की ओक.