पोटातली शाई

मागच्या महिन्यात शेजारच्या सूनबाई दोन डबे घेऊन आमच्या ओसरीवर आल्या. एकात ग्रीन टीच्या पिशव्या, दुसऱ्यात स्पिरुलिनाच्या काळपट हिरव्या गोळ्या. "सर, ह्या दोन्हीतलं जास्त ताकदीचं कोणतं हो?" त्यांचं हिमोग्लोबिन 8.9 आलं होतं. बाईमाणसाला किमान 12 तरी हवं. कुणीतरी सांगितलं म्हणून रोज सकाळी सहा गोळ्या आणि वरून कपभर ग्रीन टी, असं चाललं होतं. "गोळीला शेवाळाचा वास मारतो, म्हणून चहासंगंच ढकलते," त्या म्हणाल्या.

परभणीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली. पण इतका अचूक जुळवलेला घोळ मी क्वचितच पाहिला असेल.

मुळात या दोन वस्तूंची तुलनाच गैरलागू आहे. ग्रीन टी म्हणजे आपल्या नेहमीच्या चहाच्याच झुडपाची पानं. तोडल्याबरोबर वाफेवर किंवा कढईत तापवतात, त्यामुळे त्यांना काळं करणारं विकर (एन्झाइम) मरतं आणि पान हिरवं राहतं. वाळलेल्या पानात शेकडा वीसच्या आसपास प्रथिनं असतात आणि पाकिटावरच्या जाहिराती तेच आकडे मिरवतात. पण पान खातं कोण? प्रथिनं पाण्यात फारशी उतरत नाहीत. ती चोथ्यात राहतात आणि चोथा गुलाबाच्या कुंडीत जातो. कपात येतं ते थोडं कॅफीन आणि कॅटेचिन नावाची तुरट द्रव्यं. एका कपात दोन कॅलरीसुद्धा भरत नाहीत. पोषण म्हणाल तर कुंडीतल्या गुलाबाचं.

स्पिरुलिनाचं तसं नाही. तो अख्खा जीवच आपण खातो. त्याला शेवाळ म्हणतात, पण खरं तर तो जिवाणू आहे, स्प्रिंगसारखा पिळदार आणि प्रकाशावर जगणारा. त्याला खारं, सोड्यासारखं पाणी लागतं. आफ्रिकेतल्या चाड सरोवराकाठचे लोक तो गाळून, वाळवून त्याच्या वड्या करतात. आपल्याला लांब जायला नको, मंठ्यावरून पुढे जालना जिल्ह्याची हद्द ओलांडली की तसंच पाणी असलेलं लोणारचं सरोवर. (2020 च्या जूनमध्ये तिथलं पाणी गुलाबी झालं तेव्हा ‘चमत्कार’ म्हणून फोटो फिरले होते. पुण्याच्या आघारकर संस्थेने नमुने तपासले, तर तो रंग मीठ आवडणाऱ्या सूक्ष्मजीवांचा निघाला. आणि हो, तिथलं हिरवं पाणी बाटलीत भरून आणू नका. उघड्या पाण्यात स्पिरुलिनाच्या शेजाऱ्यांमध्ये यकृताला विषारी जातीही असू शकतात.)

वाळलेल्या स्पिरुलिनात 100 ग्रॅमला 57 ग्रॅम प्रथिनं आणि 28.5 मिलिग्रॅम लोह. आकडे दांडगेच आहेत. पण 100 ग्रॅम म्हणजे दोनशे गोळ्या! सूनबाईंच्या सहा गोळ्या म्हणजे तीन ग्रॅम. त्यातून मिळतं पावणेदोन ग्रॅमच्या आत प्रथिन आणि 0.86 मिलिग्रॅम लोह. मूठभर शेंगदाण्यात त्याच्या चौपट प्रथिन असतं. लोहाचं म्हणाल तर आमच्याच कृषी विद्यापीठाने 2018 मध्ये ‘परभणी शक्ती’ नावाची ज्वारी दिली, तिच्यात किलोला 45 मिलिग्रॅम लोह आहे. म्हणजे सहा गोळ्यांतलं लोह वीसेक ग्रॅम पिठात आलं, पाव भाकरी समजा. पाकिटावर बी-12 लिहिलेलं असतं, तेही फसवं. स्पिरुलिनातलं बरंचसं बी-12 नकली घडणीचं असतं, आपल्या शरीराला ते वापरता येत नाही.

"पण नासानं सांगितलंय ना, एक किलो स्पिरुलिना म्हंजे हजार किलो भाजी?" मोबाइल पुढे आला. नासाने अंतराळवीरांच्या जेवणासाठी याचा विचार केला होता, एवढं खरं. बाकी हिशेब आपणच करू. एक किलो स्पिरुलिनात 570 ग्रॅम प्रथिनं. वांग्यात शेकडा एक ग्रॅम धरलं तरी हजार किलो वांग्यांत दहा किलो होतात. असले निरोप पुढे ढकलणाऱ्यांनी एकदा त्रैराशिक मांडून पाहावं.

आता मूळ घोळाकडे येतो. मी घरातून लोहाची लाल गोळी आणली, आरोग्य केंद्रात फुकट मिळते ती. वरचा लाल रंग धुऊन टाकला, गोळी खलात कुटली आणि चिमूटभर भुकटी ग्रीन टीच्या कपात टाकली. सोनेरी पाणी आधी जांभळट झालं, मग करडं आणि बघता बघता काळंनिळं.

"ही शाई झाली," मी म्हणालो. शब्दशः शाईच. जुने लोक हिरडा आणि हिराकस मिसळून शाई करत. त्या लाल गोळीत असतं ते फेरस सल्फेट, म्हणजेच हिराकस. आणि हिरड्यात जी तुरट जात आहे, तिचेच भाऊबंद ग्रीन टीत आहेत.

हे घडतं कसं, ते मला फार आवडतं. कॅटेचिनच्या रेणूत कार्बनची कडी असते आणि तिच्यावर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या शेजारी शेजारी बसलेल्या असतात, कुठे दोन, कुठे तीन. शेजारच्या दोन ऑक्सिजननी लोहाचा कण खेकड्याच्या नांगीत सापडावा तसा पकडला जातो. लोहाला सहा बाजूंनी धरता येतं. तीन नांग्या लागल्या की तो पुरता जेरबंद. मात्र जठरात हे फारसं होत नाही. तिथल्या आम्लात ऑक्सिजन आपला हायड्रोजन सोडत नाही, म्हणून नांगी मिटत नाही. अन्न लहान आतड्याच्या पहिल्या वीतभर भागात उतरलं की स्वादुपिंडाचा रस आम्ल मारतो आणि नांग्या मिटायला लागतात. आता गंमत अशी की शरीर लोह मुख्यतः त्याच वीतभर जागेत शोषतं. तिथल्या पेशींवर डीएमटी-1 नावाचं दार आहे. त्यातून फक्त दोन धन प्रभारांचं सुटं लोह आत जातं. तीन प्रभारांचं आलं तर दाराशीच एक विकर त्याला एक इलेक्ट्रॉन देऊन दोनावर आणतं. नांगीत अडकलेलं धूड मात्र त्या दारातून जातच नाही, ते तसंच पुढे वाहून जातं. (इथवर वाचून कुणाचं डोकं गरगरलं असेल तर हा परिच्छेद सोडला तरी चालेल. मला सोडवत नाही.)

मग मी त्या कपात अर्धं लिंबू पिळलं. काळेपणा ओसरला. आम्लाने नांग्या सैल केल्या. शिवाय लिंबातलं क जीवनसत्त्व लोहाला दोन प्रभारांवर टिकवतं.

ग्रीन टीवर एवढं तोंडसुख घेतलं, तर आपला दुधाचा चहा काही सोवळा नाही. तोही लोह अडवतोच. जेवणासोबत चहा घेतला तर धान्य-भाजीतल्या लोहाचं शोषण निम्म्याहून खाली येऊ शकतं. आमच्याकडे सकाळी शिळी भाकरी चहात कुस्करून खायची पद्धत आहे. ज्वारीतलं फायटेट नावाचं द्रव्य आधीच लोहाला धरून बसलेलं, त्यात चहाची भर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या. सगळा दोष चहाचा नाही, पाळी, बाळंतपणं, जंत आणि ताटात शेवटी उरेल ते खाणं हेही त्यात आहेच. पण चहा तासाभराने पुढे सरकवायला पैसे लागत नाहीत.

"आन् ह्या लाल गोळ्या?" त्यांनी विचारलं. त्यांच्याही घरी पाकीट पडून होतं. मळमळतं म्हणून घेत नव्हत्या. त्या एका गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं, म्हणजे स्पिरुलिनाच्या चारशेच्या वर गोळ्यांएवढं. डॉक्टरांना विचारून रात्री जेवणानंतर घ्या, वर चहा नको, असं सांगितलं.

त्यांचा धाकटा मात्र शाईपाशीच घुटमळत होता. मी पुन्हा बिनलिंबाची एक वाटी करून दिली. काडी बुडवून त्याने वहीच्या मागच्या पानावर स्वतःचं नाव लिहिलं, फिकट, दिसेल न दिसेल असं. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना पळत आला, "सर, रातीतून काळं झालं!" हवेतल्या ऑक्सिजनने लोहाचा आणखी एक इलेक्ट्रॉन काढून घेतला होता.