खाडीच्या चिखलातली पांढरी भुकटी: बुरशी की ॲक्टिनोमायसीट?

ठाणे खाडीतला चिखल अगारच्या (जीव वाढवायच्या पोषक जेलीच्या) प्लेटवर पसरवला की आठवडा-दोन आठवड्यांत खडूच्या भुकटीसारखे पांढरे, राखाडी ठिपके उठतात. बघणारा "बुरशी लागली" म्हणतो आणि प्लेट टाकून देतो. त्यातले बरेच ठिपके बुरशी नसतातच. ते ॲक्टिनोमायसीट असतात, म्हणजे जिवाणू. आणि प्रतिजैविकं शोधायला निघालेल्याला नेमके तेच हवे असतात.

घोळ नावातच आहे. 1877 मध्ये हार्झ या शास्त्रज्ञांनी गुरांच्या जबड्यातल्या गाठीत सापडलेल्या जीवाला ॲक्टिनोमायसिस म्हटलं, म्हणजे ग्रीकमध्ये 'किरणांची बुरशी'. धागे, बीजाणू, भुकटी, सगळं दिसतं बुरशीसारखंच. पण पेशीत केंद्रक नाही, आणि भिंत कायटिनची नसून पेप्टिडोग्लायकॅनची. नातंच काढायचं तर ॲस्परजिलस ही बुरशी स्ट्रेप्टोमायसीस या ॲक्टिनोमायसीटपेक्षा माणसाला जास्त जवळची.

ओळखायची पहिली खूण लूपच्या (तारेच्या बारीक वेढ्याच्या) टोकाला कळते. ॲक्टिनोमायसीटची वसाहत, म्हणजे तो ठिपका, छोटी, काही मिलिमीटरची, आणि अगारात रुतून बसलेली. लूपने ढकलली तर सरकत नाही. जोर लावला तर चामड्याच्या तुकड्यासारखी, कधी खालच्या अगारासकट, निघते. बुरशीची वसाहत कापसासारखी. लूपला धागे चिकटून येतात आणि दोन-चार दिवसांत ती प्लेटभर पसरते. दुसरी खूण जाडीची. बुरशीचे धागे साधारण 2 ते 10 मायक्रोमीटर जाड, सूक्ष्मदर्शकाच्या 40 च्या लेन्सखाली आडव्या भिंतींसह दिसतात. ॲक्टिनोमायसीटचे 0.5 ते 1 मायक्रोमीटर, त्यासाठी 100 ची तेलाची लेन्स लावावी लागते. निव्वळ ग्रॅम रंजनावर (जिवाणूंचे गट रंगावरून ओळखायच्या चाचणीवर) विसंबू नका. बुरशीचे धागेही जांभळे होतात, आणि जाडी न पाहता 'ग्रॅम पॉझिटिव्ह' लिहून मोकळं होणं ही नेहमीची चूक.

वासही वेगळा असतो. पहिल्या पावसानंतरचा मातीचा वास ज्या जिऑस्मिनमुळे येतो, ते मुख्यतः स्ट्रेप्टोमायसीस बनवतात. पण हुंगायला प्लेट नाकाशी नेऊ नका, ती ॲस्परजिलसची निघाली तर बीजाणू थेट फुप्फुसात. आडव्या लॅमिनार फ्लोमध्येही (गाळलेल्या हवेच्या झोताच्या कपाटातही) भुरभुरीत प्लेट उघडू नये, त्यातली हवा तोंडावर येते. काम करणाऱ्यालाही जपणारं बायोसेफ्टी कॅबिनेट वापरा.

आता नमुना. खाडीचा काही भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2022 पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, आणि कांदळवनालाही कायद्याचं संरक्षण आहे. तेव्हा ऐरोली असो की वाशी, वनखात्याच्या परवानगीशिवाय डबी भरायची नाही. ओहोटीला तिवराच्या मुळांजवळचा वरचा थर बाजूला करून 2 ते 5 सेंटिमीटर खालचा चिखल निर्जंतुक चमच्याने घ्या, बर्फात ठेवा, 24 तासांत वापरा. बुरशीसाठी चिखलापेक्षा पाण्यात कुजत पडलेलं लाकूड उत्तम. ते ओलसर बंद डब्यात ठेवून काही आठवडे अधूनमधून भिंगाखाली पाहत राहा, बीजाणूंची फळं लाकडावरच धरतात.

इथून दोघांच्या वाटा वेगळ्या. ॲक्टिनोमायसीटसाठी चिखल वाळवा, निर्जंतुक समुद्राच्या पाण्यात मिसळून 55 अंशांना 6 मिनिटं तापवा. नाजूक जिवाणू मरतात, बीजाणू टिकतात. स्टार्च केसीन अगार, निम्मं समुद्राचं पाणी, पीएच 7.2 च्या आसपास, 28 अंश. बुरशी रोखायला निस्टॅटिन मिलिलिटरला 50 मायक्रोग्रॅम, इतर जिवाणू रोखायला नॅलिडिक्सिक ॲसिड मिलिलिटरला 20 मायक्रोग्रॅम. बुरशीसाठी बरोबर उलट: बटाटा-डेक्स्ट्रोज अगार निम्म्या ताकदीचा, पीएच 5.6 च्या आसपास, आणि जिवाणू दाबायला लिटरला 100 मिलिग्रॅम क्लोरॅम्फेनिकॉल. ते ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणं) सोसतं. स्ट्रेप्टोमायसिन वापरणार असाल तर अगार 50 अंशांपर्यंत निवल्यावर घाला.

इथे दोन गोष्टी बिघडतात. एक, समुद्राचं पाणी आणि फॉस्फेट एकत्र ऑटोक्लेव्ह केलं की कॅल्शियम-मॅग्नेशियमचा साका बसतो आणि तो गढूळपणा वसाहतीसारखा भासतो. फॉस्फेट वेगळ्या फ्लास्कमध्ये निर्जंतुक करून मग मिसळा. दुसरी, घाई. बुरशी 3 ते 5 दिवसांत दिसते. ॲक्टिनोमायसीटला 1 ते 3 आठवडे, काहींना 6 लागतात. पाचव्या दिवशी "काही आलं नाही" म्हणून प्लेट टाकली तर आधीची सगळी मेहनत पाण्यात. तोवर अगार वाळू नये म्हणून प्लेट पिशवीत ठेवा.

ओळख चुकली की पुढचं सगळं चुकतं. डीएनएवरून ओळख पटवायला जिवाणूसाठी 16 एस जनुक वाचतात, बुरशीसाठी आयटीएस हा डीएनएचा तुकडा. उलटे प्रायमर (तो भाग पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे) लावले तर जेलवर पट्टा येत नाही, आणि दोष मात्र डीएनएला दिला जातो. ॲक्टिनोमायसीटच्या डीएनएत जी-सी (घट्ट जुळणारी अक्षरं) सुमारे 70 टक्के, म्हणून पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती काढताना) 5 टक्के डीएमएसओ हे द्रावक घातलं की काम सोपं होतं. बुरशीची भिंत जिवाणूंची भिंत फोडणाऱ्या लायसोझाइमने फुटत नाही, द्रव नायट्रोजनमध्ये कुटावी लागते. जनुक उचलून ई. कोलाय या जिवाणूत घालायचं असेल तर बुरशीच्या जनुकांतले इंट्रॉन (मधले गाळायचे तुकडे) आडवे येतात, सीडीएनए (आरएनएवरून बनवलेली इंट्रॉनविना प्रत) करावं लागतं.

उपयोगांची सरमिसळही जुनीच. स्ट्रेप्टोमायसिन जिवाणूचं. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये सापडलेलं हॅमायसिन बुरशीला मारतं, पण तेही स्ट्रेप्टोमायसीसचंच. सेफॅलोस्पोरिन हे प्रतिजैविक मात्र बुरशीचं, ती बुरशी ब्रोत्झू या इटालियन शास्त्रज्ञांना 1945 मध्ये सार्डिनियात समुद्रात सोडलेल्या सांडपाण्याजवळ मिळाली. रंगकारखान्यांच्या पाण्यातला रंग उडवायचा असेल तर बुरशीच शोधा, लॅकेझ हे विकर तिच्याकडे मुबलक. क्लोराइडने लॅकेझ मंदावतं, त्यामुळे खाऱ्या सांडपाण्यासाठी समुद्री बुरशींकडे लक्ष जातं.

शेवटचा प्रश्न दोघांनाही लागू: मिळालेला जीव समुद्राचा, की पावसाने जमिनीवरून खाडीत आलेला? एकच वसाहत दोन प्लेटवर लावा, एक समुद्राच्या पाण्याची, एक साध्या. दोन्हीवर सारखीच वाढली तर नुसतं 'समुद्रातून मिळालेला' एवढंच लिहा. सॅलिनिस्पोरा हा ॲक्टिनोमायसीट साध्या पाण्याच्या प्लेटवर वाढतच नाही. त्याच्यापासून मिळालेलं सॅलिनोस्पोरामाइड ए कर्करोगाच्या रुग्णांवरील चाचण्यांपर्यंत पोहोचलं.