मनगटाखालची ती जेलची पट्टी

कीबोर्डपुढे मऊ जेलची पट्टी ठेवा, तिच्यावर मनगटं टेकवून टाइप करा, हात दुखणार नाहीत, असं ऑफिसात वर्षानुवर्षं सांगितलं जातं. खरं तर ते उलटं आहे.

मनगटात तळव्याच्या बाजूला एक अरुंद बोगदा असतो, कार्पल टनेल. त्यातून बोटं वळवणारे 9 स्नायुरज्जू आणि अंगठा व शेजारच्या बोटांची जाणीव देणारी मीडियन नस (रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू) जाते. नेमकं तिथेच खालून दाबलं की बोगद्यातला दाब वाढतो. शिवाय मनगट खिळून राहिल्यामुळे दूरची कळ गाठायला हात बाजूला मुरडतो. पट्टी आहे ती मधल्या विसाव्यासाठी, आणि तीही मनगटाखाली नव्हे, तळव्याच्या मागच्या गादीखाली. टाइप करताना मनगट सरळ आणि मोकळं हवं.

कीबोर्डचे मागचे पाय उघडायची सवयही तशीच. त्याने मनगट वर वाकतं. ते पाय मिटवून टाका. कोपर अंगाजवळ, साधारण 90 ते 110 अंशांत. टेबल उंच असेल तर खुर्ची वर घ्या. पाय लोंबकळले तर खाली पाट चालतो, ऑफिसात हसले तरी.

अर्थात सगळं खापर कीबोर्डवर फोडू नये. मेयो क्लिनिकच्या 2001 सालच्या अभ्यासात संगणकावर भरपूर काम करणाऱ्यांमध्ये कार्पल टनेलचा त्रास, म्हणजे ती नस बोगद्यात दबून होणारा, इतरांइतकाच आढळला. मधुमेह, थायरॉइड, गरोदरपण हीही कारणं असतात. अंगठा आणि शेजारची बोटं रात्री बधिर होऊन जाग येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. करंगळी बधिर होत असेल, तर बहुधा खुर्चीच्या हातावर रेललेलं कोपर तपासायला हवं.