डोक्यावर बसलेला 'ए' : जर्मन टिंबांची पार्श्वभूमी

पुण्यात बोट क्लब रस्त्यावर जर्मन शिकवणारी जी संस्था आहे, तिच्या रोमन लिपीतल्या नावात एक गंमत दडली आहे. नावाचा पहिला भाग ग्योटे-इन्स्टिट्यूट, दुसरा मॅक्स म्युलर भवन. दोन्ही आडनावांत पहिल्या स्वरामागे 'ए' हे अक्षर उभं आहे. म्युलरमधला तो ए काढून आधीच्या स्वरावर दोन टिंबं दिली, तर जर्मन माणसाच्या लेखी नाव मूळपदावर आलं. मॅक्स म्युलर स्वतः टिंबंच देत. कवी ग्योटेच्या नावात हाच बदल केला, तर मात्र ती चूक. उच्चाराचा नियम दोन्हीकडे एकच असताना लिहिण्यात हा भेद का, याचं उत्तर त्या टिंबांच्या जन्मकथेत आहे.

पुढे रोमन अक्षरांना त्यांची जर्मन नावं वापरली आहेत: वर्णमालेतलं पहिलं अक्षर आ, पाचवं ए, नववं ई, पंधरावं ओ आणि एकविसावं ऊ. टिंबं यातल्या तिघांवरच चढतात: आ, ओ आणि ऊ.

आधी ध्वनी बदलला. खूण कितीतरी नंतर आली. जुन्या जर्मनमध्ये पाहुण्याला 'गास्ट' म्हणत आणि अनेक पाहुण्यांना 'गेस्टी'. शेवटच्या 'ई'साठी जीभ पुढे जाणार असते. ती आधीच्या स्वरालाच तिकडे सरकू लागली आणि 'आ'चा 'ए' झाला. पुढच्या शतकांत शेवटचा 'ई' झिजून गेला, पण त्याने केलेला बदल मागे राहिला. इंग्रजीतही हेच घडलं. 'फूट'चं अनेकवचन 'फीट' आणि 'माउस'चं 'माइस' हे त्याच हरवलेल्या 'ई'चे ठसे आहेत. इंग्रजीने ते वेगळ्या स्वराक्षरांनी लिहिले, जर्मनने टिंबांनी. या बदलाला 'उमलाउट' हे नाव भाषाशास्त्रात रूढ केलं याकोब ग्रिमने. त्याच्या जर्मन व्याकरणाचा पहिला खंड १८१९चा. 'लाउट' म्हणजे ध्वनी आणि 'उम'मध्ये पालटण्याचा अर्थ आहे. म्हणजे उमलाउट हे मुळात ध्वनिपालटाचं नाव. टिंबांना ते नंतर चिकटलं.

नवे ध्वनी बोलण्यात आले, पण लॅटिनकडून उसन्या घेतलेल्या वर्णमालेत त्यांना अक्षर नव्हतं. लेखनिकांनी मूळ स्वराच्या शेजारी, किंवा जागा वाचवायला त्याच्या डोक्यावर, बारीक ए काढायला सुरुवात केली. जुन्या जर्मन छापील पुस्तकांत आ-ओ-ऊवर बसलेला हा चिमुकला ए भिंगाशिवायही ओळखू येतो. मोठ्या अक्षरांच्या डोक्यावर जागा नसायची, तिथे तो शेजारीच उभा केला जाई. आज टिंबं टाइप करता आली नाहीत तर आ-ए, ओ-ए, ऊ-ए असं लिहितात, ती पळवाट नव्हे; तेच जुनं रूप आहे.

मग ए-ची टिंबं कशी झाली? उत्तर हस्ताक्षरात आहे. 'कुरेंट' या जुन्या जर्मन वळणात ए म्हणजे जवळजवळ उभ्या दोन रेघा आणि त्यांना जोडणारी केसाएवढी बारीक रेघ. घाईत ती जोडरेघ गळे आणि अक्षरावर दोन उभे फटकारे उरत. फटकाऱ्यांची पुढे टिंबं झाली आणि छापखान्यांनीही तीच उचलली. जर्मनीत अजूनही अनेकजण हाताने लिहिताना टिंबांऐवजी दोन छोट्या रेघाच ओढतात. नकळत का होईना, ते जुना ए-च लिहीत असतात.

कुरेंटमधलेच जुने जन्ममृत्यूचे दाखले वाचायला बसलेल्यांची इथे हमखास फसगत होते. त्या वळणात ऊ आणि न अगदी सारखे दिसतात, म्हणून साध्या ऊवर ओळखीसाठी एक कमान काढत. नवखा वाचक त्या कमानीला टिंबं समजतो आणि आडनावच बदलून टाकतो. कमान म्हणजे साधा ऊ, दोन सुटे फटकारे म्हणजे टिंबांचा ऊ. एवढं डोक्यात पक्कं असेल तर निम्म्या चुका टळतात. बर्लिनच्या लुडविग झ्युटरलिनने १९११मध्ये शाळांसाठी बेतलेल्या सोप्या वळणातही ही कमान होती. ३ जानेवारी १९४१च्या नाझी फर्मानाने गॉथिक वळणाची छपाई बंद करवली, जुनं हस्तलेखनही शाळांतून गेलं आणि टिंबांचं ए-शी असलेलं नातं सामान्य वाचकाच्या नजरेआड झालं.

टिंबं गळली तर काय बिघडतं? 'मुटर' एक आई, टिंबांची 'म्युटर' अनेक आया. 'ब्रुडर' आणि 'ब्र्युडर', म्हणजे भाऊ एक की अनेक, तेही टिंबंच सांगतात. 'शोन' म्हणजे आधीच, 'श्योन' म्हणजे सुंदर. 'द्रुकेन' म्हणजे छापणं, 'द्र्युकेन' म्हणजे दाबणं, आणि छपाईयंत्राच्या बटणाशेजारी हे दोन्ही शब्द यायचा संभव बराच. क्रियापदांत तर सभ्यताच टिंबांवर अवलंबून असते: 'कोन्टे' म्हणजे 'शकलो', टिंबं दिली की 'शकाल का, शकेन का' असा नरम सूर.

मराठी तोंडाला हे स्वर अवघड जातात कारण जीभ आणि ओठ दोन वेगळ्या कामांना लावावे लागतात. टिंबांच्या ऊसाठी लांब 'ई' म्हणत राहायचं, जीभ जागची हलू द्यायची नाही आणि ओठ 'ऊ'सारखे गोल करायचे. टिंबांच्या ओसाठी तसंच, 'ए' म्हणत ओठ 'ओ'चे. नेहमीची चूक म्हणजे मध्ये 'य' घुसवणं. देवनागरीत आपण क्योल्न, म्युलर लिहितो ते नाइलाजाने. तिथे य ऐकू यायला नको. खुद्द मॅक्स म्युलरने १८४९ ते १८७४ या काळात सहा खंडांत निघालेल्या आपल्या ऋग्वेदाच्या आवृत्तीत संस्कृतमध्ये स्वतःला 'मोक्षमूलर' केलं होतं, ऑक्सफर्डचं 'गोतीर्थ' केलं तसंच. टिंबांच्या ऊला त्याने सरळ दीर्घ ऊ दिला आणि प्रश्न मिटवला.

आता ग्योटे. तिथला ए-ही मुळात तोच, पण आडनाव ज्या रूपात रूढ झालं त्या रूपात गोठलं, आणि आडनावांना शुद्धलेखनाचे नियम लागत नाहीत. म्हणून एक गोष्ट कायमची लक्षात ठेवायची: टिंबांकडून ए-कडे जाता येतं, उलट्या दिशेने डोळे मिटून जाता येत नाही. झोस्ट आणि इत्सेहो या गावांच्या नावांत ओ-ए आहे, पण तिथला ए फक्त ओ लांबवतो. टिंबांशी त्याचा संबंध नाही. एखाद्या मजकुरात 'सगळीकडे बदला' ही आज्ञा देऊन आ-ए, ओ-ए, ऊ-ए यांची टिंबं केली, तर मिखाएल या नावाची वाट लागते आणि 'नोये', म्हणजे नवा, हा साधा शब्द ओळखेनासा होतो. कारण तिथे दोन अक्षरं योगायोगाने शेजारी आली आहेत.

पासपोर्टवर हीच एकदिशा वाट सरकारी आहे. वरच्या भागात नाव टिंबांसह छापतात. खाली यंत्राने वाचायच्या प्रत्येकी ४४ चिन्हांच्या दोन ओळी असतात, त्यांत टिंबं चालत नाहीत. जर्मन पासपोर्टवर तिथे ऊ-ए येतं. जर्मन पाहुण्याचं विमानाचं तिकीट काढताना या खालच्या ओळीतलं नाव उतरवावं. टिंबं नुसती गाळून साधा ऊ लिहिला, तर तिकीट आणि पासपोर्ट दोन वेगळ्या आडनावांचे होतात.

स्वित्झर्लंडची तऱ्हा आणखी निराळी. तिथल्या कळफलकाला जर्मन आणि फ्रेंच दोन्ही सांभाळावं लागतं. टिंबांच्या छोट्या ऊची कळ शिफ्टसह दाबली की मोठा टिंबांचा ऊ येत नाही. डोक्यावर तिरकी रेघ असलेला फ्रेंच ए येतो. झ्युरिकच्या नावात टिंबं आहेत, पण त्याच शहरातल्या ओर्लिकोन भागाच्या नावाची सुरुवात ओ-ए अशी. मोठ्या अक्षराशेजारी ए उभा करायची छापखान्यांची जुनी रीत इथे अजून नांदते आहे.

क्रम लावतानाही जर्मनांचं एकमत नाही, आणि ते मानकातच नोंदवलेलं आहे. डीआयएन ५००७ या जर्मन मानकात दोन पद्धती आहेत. शब्दकोशात टिंबांचा आ हा साध्या आ-सारखा मोजतात. नावांच्या यादीत, म्हणजे टेलिफोन डिरेक्टरीत, आ-ए धरून. त्यामुळे डिरेक्टरीत टिंबांचे म्युलर आणि ए-चे म्युलर एकाच ठिकाणी सापडतात, आणि नाव फक्त ऐकलेल्या माणसाला तेच सोयीचं. स्वीडिशमध्ये मात्र टिंबांचे आ आणि ओ ही स्वतंत्र अक्षरं आहेत, २९ अक्षरांच्या वर्णमालेत अगदी शेवटची.

फ्रेंचमधली दोन टिंबं तर वेगळ्याच कुळातली. ग्रीक व्याकरणातून आलेली ती खूण सांगते की हे दोन स्वर मिसळू नका, सुटे म्हणा. सित्रोएन या मोटारीच्या नावात ती ए-वर आहे. डच भाषेत 'सित्रून' म्हणजे लिंबू; त्या ओ-एचा उच्चार डचमध्ये ऊ होतो, पॅरिसमध्ये टिंबं देऊन तो 'ओ-ए' असा फोडला गेला. जर्मन टिंबं स्वरात ए मिसळतात, फ्रेंच टिंबं ए वेगळा काढतात, आणि कागदावर दोन्ही हुबेहूब सारखी. (न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या हागेन-डाझ आइस्क्रीमच्या नावावरची टिंबं यांपैकी काहीच करत नाहीत. नाव डॅनिश वाटावं असा बेत होता. डॅनिशमध्ये टिंबांचा आ नाही.)

संगणकाने सुरुवातीला या सगळ्यांची कोंडी केली. अक्षरांना क्रमांक देणाऱ्या 'आस्की' या अमेरिकी संचात १२८ जागा आणि त्या भरलेल्या. जर्मनांनी डीआयएन ६६००३ या मानकात चौकोनी आणि महिरपी कंसांच्या जागा टिंबांच्या अक्षरांना दिल्या. परिणामी 'सी' भाषेतला प्रोग्रॅम जर्मन पडद्यावर उघडला, की महिरपी कंसाच्या जागी टिंबांचा आ उघडायचा आणि टिंबांचा ऊ मिटायचा. १९८७च्या लॅटिन-१ संचाने टिंबांच्या ऊला २५२ हा स्वतःचा क्रमांक दिला. विंडोजमध्ये ऑल्ट दाबून अंकपट्टीवर ०२५२ टाइप केलं की तो आजही येतो. ओसाठी ०२४६, आसाठी ०२२८. पुढे सगळ्या लिप्यांना क्रमांक देणारा युनिकोड हा संच आणि तो साठवण्याची यूटीएफ-८ ही पद्धत आली आणि तोच ऊ १९५ व १८८ अशा दोन बाइटांत साठवला जाऊ लागला. ती फाइल जुन्या संचाने उघडली, तर एका अक्षराऐवजी दोन दिसतात: नागमोडी रेघेचा आ आणि त्याला चिकटलेलं पावचं चिन्ह, ¼. हे चिन्ह आडनावाच्या मधोमध दिसलं तर समजावं की मजकूर शाबूत आहे, फक्त चुकीच्या चष्म्यातून वाचला जातोय. तसाच जतन केला तर मात्र गेला.

युनिकोडने आणखी एक पेच ठेवला आहे. टिंबांचा ऊ एकसंध लिहिता येतो, किंवा साधा ऊ आणि त्यावर सुटी टिंबं अशा दोन संकेतांनी. दिसायला फरक शून्य, पण तुलना करण्याआधी दोन्हींना एका रूपात न आणणारं सॉफ्टवेअर शोधात एक पकडतं आणि दुसरं सोडतं. युनिकोडच्या दृष्टीने ही दोन रूपं समान आहेत, त्यामुळे रूपं एक करायचा ठरलेला मार्ग तरी आहे.

मराठीच्या 'ॲ'ला तेवढीही सोय नाही. २००८च्या युनिकोड ५.१मध्ये त्याला स्वतःचा संकेत मिळाला. तोवर तो अ आणि सुटा अर्धचंद्र जोडूनच लिहावा लागे. हे दोन 'ॲ' दिसायला सारखे असले तरी युनिकोड त्यांना समान मानत नाही, म्हणून 'ॲप' शोधताना जुन्या मजकुरातला 'अॅप' हाती लागत नाही. इथे 'सगळीकडे बदला' मात्र निर्धास्त वापरावं, कारण अ-वर अर्धचंद्राचा दुसरा कुठलाच अर्थ नाही. आधी मराठी मजकुरात शिरलेला हिंदी 'ऍ' तेवढा वेगळा शोधून बदलून घ्यावा. तो तिसराच संकेत आहे.