सपोर्ट संपलेली विंडोज वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा अधिकृत सपोर्ट संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर चालणारे कॉम्प्युटर नेहमीसारखेच सुरू झाले. बिले निघाली, प्रिंट आल्या, कुणाचे काही अडले नाही. म्हणूनच ‘चाललंय ना, मग चालू द्या’ असे बरेच ग्राहक आम्हाला सांगतात. त्यांचे म्हणणे आम्हाला पटते, चालत्या मशीनला उगाच हात लावायला आम्हालाही आवडत नाही. तरीही हे पत्रक वाचाच, कारण सपोर्ट संपल्यावर जे बिघडते ते स्क्रीनवर दिसत नाही.

नेमके काय थांबते

मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेचे पॅच काढते, म्हणजे विंडोजमध्ये चोरट्याला शिरता येईल अशी राहिलेली भोके बुजवणाऱ्या दुरुस्त्या. २००३ पासूनचा हा शिरस्ता. सपोर्ट संपला की त्या मंगळवारी तुमच्या मशीनला काही येत नाही, पण नव्या आवृत्तीला येते, आणि खरी गोम तिथेच आहे. विंडोज ११ चा बराचसा कोड विंडोज १० मधूनच आलेला आहे. पॅचच्या आधीची आणि नंतरची फाइल शेजारी ठेवून पाहिली की भोक कुठे होते ते जाणकाराला शोधता येते. तेच भोक जुन्या आवृत्तीत असेल तर ते उघडेच राहिलेले असते. म्हणजे धोका सपोर्ट संपल्याच्या दिवशी एकदम येत नाही, तो महिन्यामहिन्याने साचत जातो.

अँटिव्हायरस ओळखीच्या घातक फाइली पकडतो. विंडोजमधले भोक बुजवणे त्याच्या हातात नाही. विंडोज १० वरच्या डिफेंडरला, म्हणजे विंडोजसोबतच येणाऱ्या अँटिव्हायरसला, व्हायरसची नवी माहिती ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहे आणि ती घ्यायलाच हवी, पण तिच्यावर विसंबून पॅचचा विषय सोडून देऊ नका.

१२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला, तेव्हा त्याने वापरलेल्या भोकाचा पॅच १४ मार्चलाच आला होता. विंडोज ७ चा सपोर्ट तेव्हा चालू होता, तरी सर्वाधिक फटका विंडोज ७ लाच बसला, कारण दोन महिने उलटूनही तो पॅच अनेकांनी टाकलेला नव्हता. त्याहून जुन्या विंडोज एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपला होता. तिचा पॅच हल्ला झाल्यावर, अपवाद म्हणून, सर्वांसाठी खुला झाला. आम्ही यातून एक नियम घेतला: मशीन कितीही जुने असो, त्याच्यासाठी निघालेला शेवटचा अधिकृत अपडेट त्यात असलाच पाहिजे. ‘सपोर्ट गेलाच आहे, आता अपडेट कशाला’ हा विचार सगळ्यात महाग पडतो.

विंडोज १० असेल तर

घरगुती वापराच्या मशीनला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय जाहीर झालेली आहे. विंडोज १० ची शेवटची आवृत्ती, २२एच२, हवी आणि मायक्रोसॉफ्ट खाते हवे. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात ठेवला, किंवा मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्स या बक्षीस योजनेतले १,००० गुण दिले, किंवा एकदाच शुल्क भरले की नोंदणी होते. तिची लिंक विंडोज अपडेटच्या पानावरच दिसते. ती दिसत नसेल तर बहुधा मागचे अपडेट अर्धवट राहिलेले असतात. ते आधी पूर्ण करा.

डोमेनला, म्हणजे ऑफिसच्या मध्यवर्ती सर्व्हरच्या व्यवस्थेला, जोडलेल्या मशीनना ही घरगुती योजना लागू नाही. त्यांच्यासाठी वेगळी योजना आहे, जास्तीत जास्त तीन वर्षांची, आणि तिचा दर दरवर्षी दुप्पट होतो. दुसऱ्या वर्षी सामील झालात तरी पहिल्या वर्षाचे पैसे भरावे लागतात. तेव्हा ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून काही वाचत नाही. या योजनेत फक्त सुरक्षेचे पॅच येतात. आमच्या मते हा वेळ नव्या व्यवस्थेची तयारी करायला आहे.

विंडोज ११ ला मशीन चालणार नाही असा संदेश आला म्हणून लगेच नवे मशीन घेऊ नका. विंडोज ११ ला लागणारा सुरक्षेचा भाग, टीपीएम २.०, पुष्कळदा मशीनमध्ये असतो, फक्त बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद असतो. इंटेलच्या बोर्डवर तो पीटीटी या नावाने सापडतो, एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम. तो चालू केला की काही मशीन सरळ पात्र ठरतात. प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर मात्र, मोजके अपवाद सोडता, अधिकृत इलाज नाही. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदींत, फेरफार करून विंडोज ११ चढवता येते हे आम्हाला माहीत आहे, पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. तुमचा हिशोब ज्या मशीनवर आहे त्यावर आम्ही ते करून देत नाही. केवळ ब्राउझर आणि मेलपुरत्या मशीनवर विंडोजऐवजी उबुंटू या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमची दीर्घ सपोर्टची आवृत्ती छान चालते, आणि तिला पाच वर्षे अपडेट मिळतात.

विंडोज ७ असेल तर

१४ जानेवारी २०२० ला सपोर्ट संपला, पैसे भरून मिळणारे अपडेटही १० जानेवारी २०२३ ला थांबले. क्रोम ब्राउझर १०९ व्या आवृत्तीवर अडकला आहे, फायरफॉक्सची ११५ नंतरची आवृत्ती त्यावर बसत नाही. तरी काही ठिकाणी विंडोज ७ ठेवावीच लागते. एका ग्राहकाकडे कटिंगच्या मशीनला एका कार्डाने जोडलेला कॉम्प्युटर आहे. त्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते विंडोजमधून चालवणारे सॉफ्टवेअर, ३२ बिटचाच निघाला आणि विंडोज ११ येते ती फक्त ६४ बिटची. एका कार्डाच्या ड्रायव्हरसाठी अख्खे चांगले मशीन भंगारात घाला, असे आम्ही कसे सांगणार?

हार्ड डिस्क गेल्यावर त्याच कॉम्प्युटरवर आम्ही विंडोज ७ नव्याने टाकली. अपडेट शोधताना हिरवी पट्टी तासन्‌तास पुढे मागे फिरत राहिली. हाताने पॅच टाकायला गेलो तर ८००९२००४ ही चूक. कारण असे, की २०१९ पासून पॅचवरची डिजिटल सही नव्या पद्धतीची, शा-२ ची झाली आणि जुन्या डीव्हीडीतल्या विंडोजला ती सही ओळखताच येत नाही. त्यामुळे क्रम पाळावा लागतो. आधी सर्व्हिस पॅक १ हा विंडोज ७ चा मोठा अपडेट. मग केबी ३०२०३६९ (केबी म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या अपडेटचा क्रमांक), आणि त्यावर एप्रिल २०१६ पर्यंतचे बहुतेक सगळे अपडेट एकत्र असलेला केबी ३१२५५७४. मग केबी ४४९०६२८ आणि केबी ४४७४४१९, म्हणजे सही ओळखू येते. त्यानंतर पुढचे मासिक रोलअप, म्हणजे महिन्याचे एकत्रित अपडेट. हे सगळे मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमधून घ्यायचे, दुसऱ्या चांगल्या मशीनवर उतरवून पेन ड्राइव्हने न्यायचे. ‘सगळे अपडेट एका फाइलीत’ म्हणून कुणीतरी बांधून दिलेले गाठोडे कृपा करून टाकू नका. आत काय आहे ते कळायला मार्ग नाही, आणि ते चालते ॲडमिनच्या अधिकाराने.

त्यानंतर त्या कॉम्प्युटरची नेटवर्कची केबल आम्ही काढली. जुन्या मशीनला याहून चांगले संरक्षण नाही. फाइल द्यायला एकच पेन ड्राइव्ह, तोही आधी चांगल्या मशीनवर तपासलेला. नेटवर्क लागतच असेल तर राउटरवर अशा मशीनसाठी वेगळे जाळे करून घ्या, एसएमबी १ ही नेटवर्कवर फाइली देण्याघेण्याची जुनी पद्धत बंद करा, म्हणजे वॉनाक्राय जिथून शिरला ती वाट बंद होते. रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुसरीकडून हे मशीन चालवायची सोय, इंटरनेटवर उघडा ठेवू नका. अशा मशीनवर मेल आणि बँक तर अजिबात नको. आणि सगळे नीट चालत असतानाच पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, काढून बाजूला ठेवा.

आमच्याकडे येताना

सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग अबाउट, तिथली आवृत्ती आणि प्रोसेसरचे नाव लिहून आणा. विंडोज ७ वर कॉम्प्युटरच्या आयकॉनवर उजवे क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये हे दिसेल. मशीनला प्रिंटर, काटा, स्कॅनर असे काय काय जोडलेले आहे त्याची यादी करा. त्यावर चालणारे सॉफ्टवेअर कोणते आणि त्याची लायसन्स की कुठे आहे तेही पाहा. ती की सापडेपर्यंत फॉरमॅट मारायला आम्ही हात लावत नाही.