पिस्तुलाचा परवाना आणि बत्तीस बोअर: पुण्यात अर्ज कसा करायचा

स्वसंरक्षणासाठी पिस्तूल घ्यायचं मनात आलेला माणूस पहिला प्रश्न हमखास विचारतो: नऊ एमएम घेऊ की पंचेचाळीस? परदेशी व्हिडिओ पाहून पडलेला हा प्रश्न. आपल्याकडे त्याचं उत्तर कायद्यानेच देऊन ठेवलं आहे. लष्कर आणि पोलीस वापरतात ती 9 मिमी आणि .45ची काडतुसं, तसंच .380 आणि .455ची रिमवाली, म्हणजे बुडाशी बाहेर आलेली कडा असलेली, काडतुसं ज्यात बसतात, अशी हत्यारं ‘प्रतिबंधित बोअर’मध्ये मोडतात. बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास. सर्वसाधारण नागरिकाला ती मिळत नाहीत. उरतं ते एनपीबी, म्हणजे नॉन-प्रोहिबिटेड बोअर. त्यातलं रोजच्या बोलण्यातलं नाव एकच, बत्तीस बोअर, म्हणजे .32 इंच.

त्यामुळे बोअरचा विचार जरा बाजूला ठेवा. परवाना मिळणं किंवा न मिळणं एका वेगळ्याच प्रश्नावर ठरतं: तुम्हाला शस्त्र कशासाठी हवं?

शस्त्र अधिनियम 1959 आणि शस्त्र नियम 2016 यांनुसार अर्जदाराचं वय किमान 21 वर्षं हवं. हिंसाचाराच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल, तर शिक्षा भोगून झाल्यावरही पाच वर्षं दार बंद असतं. चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र चालू असलेल्यांनाही हत्यार बाळगता येत नाही. पात्रतेचे रस्ते ढोबळमानाने तीन आहेत: व्यवसायामुळे किंवा अन्य कारणाने जीविताला वा मालमत्तेला खरा धोका असणं, नेमबाजी क्लबचं किमान दोन वर्षांचं सक्रिय सदस्यत्व, किंवा सैन्य, निमलष्करी दल वा पोलिसांतली सेवा.

बहुतेक अर्ज पहिल्या रस्त्याने येतात आणि तिथेच अडकतात. ‘मी बिल्डर आहे, रोख रक्कम जवळ असते’ एवढ्यावर भागत नाही. धमकी आली असेल तर दिलेल्या तक्रारीची प्रत, गुन्हा नोंदला असेल तर एफआयआर, रोकड नेत असाल तर बँकेचे व्यवहार आणि आयकर विवरणपत्रं, पेट्रोल पंप किंवा सराफी दुकान असेल तर त्याचे परवाने, हे सगळं जोडा. धोक्याबद्दल एका कागदावर तारीखवार, साध्या भाषेत लिहा. वकिली मराठीतली चार पानं कुणी वाचत नाही. उलट बाजूही सांगतो: पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असं कलम 14 मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. रोज रात्री एकट्याने वसुलीची रक्कम घेऊन येणाऱ्या माणसाने ‘आपल्याला कोण देणार’ म्हणून गप्प बसायचं कारण नाही.

अर्ज कुठे करायचा, हेही आधी पाहून घ्या. पुणे शहरात परवाना प्राधिकारी पोलीस आयुक्त. कार्यालय साधू वासवानी चौकाजवळ. पिंपरी-चिंचवडला 2018पासून स्वतंत्र आयुक्तालय आहे आणि चाकण, आळंदी, तळेगाव दाभाडे, देहूरोड ही ठाणी त्याच्याकडे आहेत. उरलेल्या ग्रामीण भागासाठी जिल्हाधिकारी. लोणी काळभोर आणि लोणीकंद 2021मध्ये ग्रामीणमधून शहर पोलिसांकडे आली, पण तिथले काही लोक जुन्या सवयीने अजून जिल्हाधिकारी कचेरीच गाठतात.

अर्ज फॉर्म ए-1मध्ये, केंद्राच्या शस्त्र परवाना पोर्टलवर भरायचा. सोबत पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे पासपोर्ट आकाराचे फोटो, जन्मतारखेचा दाखला, आधार, पॅन, रहिवासाचा पुरावा आणि शस्त्र घरात सुरक्षित कसं ठेवणार याचं हमीपत्र. डॉक्टरी दाखल्यात शारीरिक तंदुरुस्तीसोबत मानसिक आरोग्याचा आणि अमली पदार्थांचं व्यसन नसल्याचा उल्लेख लागतो. नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडून ‘फिट’ एवढाच शिक्का आणलात तर पुन्हा हेलपाटा. शस्त्र आणि काडतुसं हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही हवं. ते निव्वळ कागदासाठी उरकू नका.

मग पोलीस पडताळणी. स्थानिक ठाण्याचा माणूस घरी येतो, शेजारी विचारपूस होते आणि अहवाल वरच्या अधिकाऱ्यांकडे सरकत जातो. सोसायटीत कुणाशी पार्किंगवरून हाणामारी झालेली असेल तर ती इथे वर येते. नकार आला तर साधारणपणे तो कारणांसह लेखी मिळायला हवा. आयुक्तांच्या आदेशाविरुद्ध अपील राज्य सरकारकडे, जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध विभागीय आयुक्तांकडे.

परवाना हातात आला की मग बोअर. बत्तीसमध्येही एक गोम आहे. पिस्तुलाचं .32 आणि रिव्हॉल्व्हरचं, म्हणजे फिरत्या चक्रात काडतुसं भरायच्या हत्याराचं, .32 ही दोन वेगळी काडतुसं आहेत. पहिलं जॉन ब्राउनिंगच्या रचनेचं, 7.65 मिमी म्हणून ओळखलं जाणारं, आखूड. दुसरं लांब, ठळक कडेचं. एकाचं दुसऱ्यात चालत नाही. सरकारी कारखान्यांचं ‘अशनी’ हे पिस्तूल आहे आणि ‘निर्भीक’ हे साधारण अर्धा किलो वजनाचं रिव्हॉल्व्हर; दोन्ही बत्तीसच, पण काडतुसं निराळी. परवान्यावर ‘पिस्तूल’ आहे की ‘रिव्हॉल्व्हर’, हे दुकानात पैसे मोजण्याआधी वाचा. .22 या लहान बोअरचा झटका कमी आणि सराव स्वस्त, पण त्याचं रिमफायर, म्हणजे बुडाच्या कडेवर ठोका बसून पेटणारं, काडतूस फुसकं निघण्याची शक्यता जास्त. नवख्याला मी रिव्हॉल्व्हरच सुचवेन. काडतूस पेटलं नाही तर घोडा पुन्हा ओढला की पुढचं समोर येतं. पिस्तूल अडकलं तर ते मोकळं करायला सराव लागतो. काडतुसांवर ‘केएफ’ असा ठसा दिसला तर ती आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली. 1869पासून तो तिथे आहे.

बाळगण्याबद्दल थोडं. हॅन्डगन, म्हणजे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर, सार्वजनिक जागी होल्स्टरमध्ये आणि झाकलेलीच हवी. शर्ट वर करून मूठ दाखवणारे हौशी लोक परवाना गमावतात. वरातीत हवेत बार काढला, तर 2019च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीने एका व्यक्तीकडची शस्त्रं तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या किमान 60 दिवस आधी करा. निवडणुकीची आचारसंहिता लागली की शस्त्र जमा करण्याची नोटीस येऊ शकते. जमा केल्याची पावती परवान्यासोबतच ठेवा, परत घेताना तीच मागतात.