गोळी अडवणारी भिंत: काचेपलीकडचा विचार

सार्वजनिक इमारतीतल्या सुरक्षा-खिडकीची जाड काच पाहिली की वाटतं, गोळी हिच्यावर आपटून परत फिरत असेल. तसं होत नाही. चांगला अडथळा गोळीला परतवत नाही, तिची ऊर्जा पसरवून जिरवतो.

९ मिलिमीटर पिस्तुलाची ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला ४०० मीटर वेगाने येते, तेव्हा तिच्यात ६४० जूल ऊर्जा असते. ६५ किलो वजनाचा माणूस मीटरभर उंचीवरून उडी मारतो, तेव्हा त्याचे पायही जवळजवळ तेवढीच ऊर्जा पेलतात. फरक आहे तो जागेचा आणि वेळेचा. गोळीची सगळी ऊर्जा एक चौरस सेंटिमीटरपेक्षाही कमी जागेवर, सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास येऊन पडते. रायफलीच्या ७.६२ मिलिमीटर गोळीत तर याच्या पाचपट ऊर्जा असते, म्हणून पिस्तूल अडवणारी काच रायफलीपुढे टिकेल असं मुळीच धरू नये.

म्हणूनच अशी काच थरांची असते. बाहेरचा कठीण काचेचा थर गोळीचं टोक चेपतो आणि स्वतः तडकताना ऊर्जा खर्च करतो. आतल्या बाजूचं पॉलिकार्बोनेट, म्हणजे १९५३ साली हरमान श्नेल यांनी बायर कंपनीत शोधलेलं चिवट प्लास्टिक, ताणलं जातं, फुगतं, पण फाटत नाही. मात्र तापमान वाढलं की ते काचेच्या सुमारे सातपट प्रसरण पावतं. दोन्ही थर घट्ट चिकटवले तर काही काळाने ते एकमेकांपासून सुटू लागतात. त्यामुळे मध्ये पॉलियुरेथेनचा मऊ थर देतात. तो दोघांनाही थोडं हलू देतो.

नुसत्या काचेचा एक धोका सहज लक्षात येत नाही. आघाताची लाट मागच्या पृष्ठभागावरून परतताना ताण निर्माण करते आणि ताण सोसणं काचेला जमत नाही. गोळी अडते, पण आतल्या बाजूने काचेचे कण उडतात. ईएन १०६३ या युरोपीय मानकाच्या चाचणीत नमुन्यामागे ॲल्युमिनियमची पातळ फॉइल लावतात. ती कणांनी भोकसली गेली, तर काचेवर तशी वेगळी नोंद होते. खिडकीला अगदी लागून कर्मचारी बसणार असेल, तर माझ्या मते कण न उडवणारी काचच निवडावी.

आणि काचेखालचं काय? टेबलाचा दर्शनी भाग प्लायवूडचा आणि बाजूची भिंत जिप्समची असेल, तर महागड्या काचेला फारसा अर्थ उरत नाही. तिथे काचतंतू आणि रेझिनचे दाबून केलेले जाड फलक बसवतात. गोळी घुसताना त्यांचे थर सुटे होत जातात आणि तिचा वेग मरतो. काचेची कडा चौकटीत पुरेशी खोल बसायला हवी आणि चौकटही काचेच्याच दर्जाची हवी. बोलण्यासाठी ठेवलेली फट एकमेकींवर येणाऱ्या पट्ट्यांची करतात, म्हणजे आवाज वळून आत येतो, पण सरळ रेषेतली वाट राहत नाही.

वजनाचा हिशेब सुरुवातीलाच करावा लागतो. ५० मिलिमीटर जाडीची नुसती काच दर चौरस मीटरला १२५ किलो भरते. बिजागऱ्या, जमीन, दाराची यंत्रणा सगळं त्यावरून ठरतं. शिवाय आग लागली तर ही काच फोडून आतल्यांना बाहेर काढणं अग्निशमन दलाला फार कठीण जातं. म्हणून सुरक्षित कक्षाला आतून एका हाताने उघडणारं, वेगळ्या वाटेने बाहेर नेणारं दार नकाशातच दाखवलेलं हवं.